गोगलगाय अन् डोक्यात काय?

‘गोगलगाय अन् पोटात पाय’ ही म्हण आपण वापरतो ती गरीब चेहऱ्याच्या बेरकी माणसासाठी. प्राणिशास्त्राच्या दृष्टीनं मात्र ती शब्दशः खरी आहे. गोगलगाईचा पाय पोटालाच असतो, म्हणून तर या सगळ्या कुळाला ‘उदरपाद’ म्हणतात. पण तिच्या डोक्यात काय चालतं, हा प्रश्न फारसा कुणाला पडला नाही. ज्या मोजक्या लोकांना पडला, त्यांच्यापैकी एकाला २००० साली त्यासाठी नोबेल पारितोषिक मिळालं.

ही गोगलगाय आपल्या परसातली, पावसाळ्यात भिंतीवर चढणारी नव्हे. ती समुद्रातली. शास्त्रीय नाव ॲप्लिशिया. कॅलिफोर्नियाच्या किनाऱ्यालगत उथळ पाण्यात शेवाळ चरत हिंडणारी, फूटभर लांबीची, तपकिरी-लालसर रंगाची. पाठीवर घर नाही. शंखाची आठवण म्हणून एक पातळ चकती तेवढी कातडीखाली उरलेली. डोक्यावर दोन टोकं अशी उभी, की बसली म्हणजे कान टवकारलेल्या सशासारखी दिसते. इंग्रजीत तिला म्हणतातही ‘समुद्रातला ससा’. डिवचलं की जांभळी शाई सोडते. जुन्या रोमन लोकांना तर ती विषारी वाटायची. आपण सोयीसाठी तिला ‘ती’ म्हणतोय, पण खरं तर प्रत्येक ॲप्लिशिया एकाच वेळी नरही असते आणि मादीही. अंडी घालते ती शेवयांसारख्या लांबलचक दोऱ्यांत, आणि एका गुंडाळ्यात ती दहा लाखांपर्यंत असू शकतात. आयुष्य मात्र जेमतेम वर्षभराचं.

बिनशंखाच्या समुद्री गोगलगाई आपल्याकडेही आहेत. मुंबई आणि कोकणच्या खडकाळ किनाऱ्यांवर ओहोटीच्या वेळी डबक्यांत नीट पाहिलं, तर त्या दिसतात. काही इतक्या रंगीत की रांगोळीतून उचलल्यासारख्या. पण आपल्या गोष्टीची नायिका कॅलिफोर्नियाची. तिच्याकडून माणसानं काय शिकून घेतलं? तर, आठवण म्हणजे काय, ती कुठं राहते आणि कशी टिकते.

प्रश्न साधा वाटतो ना? लग्नघरात समोरून येणाऱ्या बाईंचं नाव ओठांवर येऊन अडतं, आणि चाळीस वर्षांपूर्वी पाठ केलेला सतरांचा पाढा मात्र झोपेतही म्हणता येतो. पाढा टिकला आणि नाव का निसटलं? मेंदूत त्या पाढ्याची नेमकी कोणती खूण उमटली? एकोणीसशे साठपर्यंत या प्रश्नाला कुणाकडे नेमकं उत्तर नव्हतं.

निळी मोटार

एरिक कँडेलचा जन्म १९२९ सालचा, ऑस्ट्रियाची राजधानी व्हिएन्नातला. वडिलांचं खेळण्यांचं दुकान. नवव्या वाढदिवसाला, ७ नोव्हेंबर १९३८ला, त्याला दूरनियंत्रणावर चालणारी निळी चकचकीत मोटार मिळाली. दोनच दिवसांनी, ९ नोव्हेंबरच्या रात्री, नाझी पोलिसांनी दार ठोठावलं. ज्यू कुटुंबानं तातडीनं घर सोडायचं, असा हुकूम. काही दिवसांनी घरी परत आले, तेव्हा किमती असं काहीच उरलं नव्हतं. आईचे दागिने, चांदीची भांडी, वडिलांचे सूट... आणि ती निळी मोटारही.

एप्रिल १९३९मध्ये नऊ वर्षांचा एरिक आणि चौदा वर्षांचा त्याचा भाऊ, असे दोघंच जहाजानं अमेरिकेला निघाले. आईवडील त्याच वर्षी मागून पोहोचले. कुटुंब वाचलं, पण ते दार ठोठावणं एरिक पुढं आयुष्यभर विसरला नाही. काही सेकंदांची एक घटना साठ-सत्तर वर्षं जशीच्या तशी मनात कशी राहते? आपल्या संशोधनाचं मूळ तिथं असावं, असं त्यानं स्वतःच २००६ साली आलेल्या आत्मकथनात लिहिलं आहे.

गंमत म्हणजे हा मुलगा विज्ञानाकडे वळला तो फार उशिरा. हार्वर्डमध्ये त्यानं इतिहास आणि साहित्य घेतलं. नाझी राजवटीकडे जर्मन लेखकांनी कसं पाहिलं, यावर प्रबंध लिहिला. मग फ्रॉइडच्या मनोविश्लेषणानं त्याला झपाटलं. मनोविश्लेषक व्हायचं तर डॉक्टर असलेलं बरं, म्हणून वैद्यकीय महाविद्यालय. तिथं शिकताना १९५५ साली तो कोलंबिया विद्यापीठातल्या हॅरी ग्रुंडफेस्ट यांच्याकडे गेला, आणि त्यांना विचारलं, की फ्रॉइडनं सांगितलेले मनाचे तीन भाग मेंदूत नेमके कुठं सापडतील?

दुसऱ्या एखाद्या प्राध्यापकानं त्याला दाराबाहेर काढलं असतं. ग्रुंडफेस्ट यांनी शांतपणे ऐकून घेतलं आणि सांगितलं, की मेंदू समजून घ्यायचा असेल तर एका वेळी एक पेशी घेऊन तो समजून घ्यावा लागेल. कँडेलच्या पुढच्या साऱ्या आयुष्याची दिशा या एका सल्ल्यानं ठरली, असं म्हणायला हरकत नाही.

हेन्रीचा हात

त्याच सुमाराला अमेरिकेत आणि कॅनडात एका रुग्णाची चर्चा चालू होती. हेन्री मोलाइसन हे त्याचं नाव. पण तो हयात असेपर्यंत जगानं त्याला फक्त आद्याक्षरांनी, ‘एच. एम.’ म्हणून ओळखलं. फिट्सच्या आजारानं बेजार झालेल्या या तरुणावर १९५३ साली मेंदूची शस्त्रक्रिया झाली. दोन्ही बाजूंचा हिप्पोकॅम्पस नावाचा भाग बराचसा काढला गेला. फिट्स कमी झाल्या. पण त्यानंतर घडलेलं काहीच त्याला आठवेना. डॉक्टर खोलीबाहेर जाऊन परत आले की नव्यानं ओळख. जेवण झालं की नाही, ठाऊक नाही. २००८ साली, वयाच्या ८२व्या वर्षी तो वारला, तोवर हे असंच चाललं.

ब्रेंडा मिलनर या मानसशास्त्रज्ञ बाईंनी मात्र त्याच्यात एक विलक्षण गोष्ट टिपली. आरशात पाहून कागदावरची चांदणी पेन्सिलीनं गिरवायला त्यांनी त्याला शिकवलं. पहिल्या दिवशी हात भरकटला. तिसऱ्या दिवशी त्यानं ती सफाईनं गिरवली. आणि आपण हे आधी कधी केलंय, हे त्याला अजिबात आठवत नव्हतं! म्हणजे हाताला आठवत होतं, हेन्रीला नव्हतं. स्मरण एका प्रकारचं नसतं. नावं, घटना, चेहरे यांचं एक. आणि सायकल चालवणं, पोळी लाटणं, भाजलेल्या हातानं तवा टाळणं यांचं दुसरं.

कँडेल यांनी आधी हिप्पोकॅम्पसलाच हात घातला. सहकारी ॲल्डन स्पेन्सर यांच्याबरोबर त्यांनी मांजराच्या मेंदूतल्या या भागातल्या पेशींचे विद्युत्संदेश नोंदवले. काम गाजलं. पण त्यातून आठवणीविषयी काही कळेना. या पेशीही इतर पेशींसारखेच संदेश देत होत्या. फरक असला तर तो पेशींमध्ये नसून त्यांच्या जोडणीत असणार, हे लक्षात आलं. आणि जोडणी तपासायची कशी? माणसाच्या मेंदूत सुमारे ८,६०० कोटी मज्जापेशी, एकेकीचे हजारो जोड. मांजराचा मेंदू त्याहून लहान खरा, पण जंगलच तेही.

तेव्हा त्यांनी जंगलाऐवजी कुंडी शोधायला घेतली. ॲप्लिशियाच्या अंगात मज्जापेशी सगळ्या मिळून सुमारे २०,००० आणि त्याही नऊ पुंजक्यांत वाटलेल्या. त्याहून मोठी सोय म्हणजे काही पेशी अवाढव्य. सर्वांत मोठी पेशी एक मिलिमीटरपर्यंत भरते. मोहरीचा दाणाच म्हणा ना! नुसत्या डोळ्यांनी दिसते. शिवाय या मोठ्या पेशी प्रत्येक प्राण्यात ठरल्या जागीच असतात. त्यामुळे शास्त्रज्ञांनी चाळीतल्या खोल्यांना द्यावेत तसे त्यांना नंबर देऊन टाकले : उजवीकडची आर-२, डावीकडची एल-७. आज एका गोगलगाईतली एल-७ पाहिली, की उद्या दुसरीतही तीच पेशी पुन्हा भेटते.

हा निर्णय सहज झाला नाही. कँडेल चांगलं चाललेलं काम सोडून गोगलगाईच्या मागं लागताहेत, हे अनेक ज्येष्ठांना रुचलं नाही. ज्या प्राण्याला धड मेंदू नाही, तो माणसाच्या आठवणींबद्दल काय सांगणार? शंका रास्त होती. त्या काळी ॲप्लिशियावर काम करणारे जगात मोजकेच, आणि त्यातलेही प्रमुख फ्रान्समध्ये. पत्नी डेनीस मूळच्या फ्रेंच, ही जमेची बाजू. १९६२ साली कँडेल कुटुंब पॅरिसला गेलं, आणि लादिस्लाव टाउत्स यांच्या प्रयोगशाळेत एरिक गोगलगाय हाताळायला शिकले.

कल्ला आत, कल्ला बाहेर

पुढं न्यूयॉर्कमध्ये परतल्यावर आयर्व्हिंग कुपफरमन, व्हिन्सेंट कॅस्टेलुची, टॉम कॅरू अशा सहकाऱ्यांनी जो प्रयोग मांडला, तो इतका साधा आहे की सातवीतल्या मुलालाही समजावा.

ॲप्लिशियाच्या पाठीवर श्वासासाठी एक नाजूक कल्ला असतो, आणि त्याच्याजवळ पाणी बाहेर टाकणारी छोटी नळी. या नळीला हलकेच स्पर्श केला, की कल्ला चटकन आत ओढला जातो. गरम तव्यावरून आपण हात मागं घेतो, तसाच प्रकार.

आता तोच हलका स्पर्श पुन्हा पुन्हा करत राहा. दहाएक वेळा झालं, की गोगलगाय दुर्लक्ष करू लागते. ‘यात काही धोका नाही’ हे तिला उमगलेलं असतं. रेल्वेलाइनलगतच्या घरात नवी आलेली सून पहिल्या आठवड्यात रात्रभर जागी असते आणि महिन्याभरानं लोकलच्या खडखडाटात गाढ झोपते, ते हेच. शास्त्रज्ञ याला ‘सरावणं’ म्हणतात. शिक्षणाचा हा सर्वांत प्राथमिक प्रकार.

उलटही होतं. गोगलगाईच्या शेपटीला विजेचा झटका द्या. आता नळीला किती का हलका स्पर्श करा, ती दचकून कल्ला जोरात आणि बराच वेळ आत ओढून धरते. घरात चोरी झाल्यावर रात्री मांजरानं भांडं पाडलं तरी आपली झोप उडते ना? तसंच. इतकंच काय, पाव्हलॉव्हच्या कुत्र्यासारखं दोन गोष्टींची सांगड घालायलाही ती शिकते. आधी नळीला स्पर्श, लगेच अर्ध्या सेकंदात शेपटीला झटका, असं काही वेळा केलं, की त्या स्पर्शालाच ती घाबरते. १९८०नंतरच्या प्रयोगांत हे सिद्ध झालं.

इथवरचं सारं वागण्यापुरतं झालं. खरी मजा आत होती. कल्ल्याच्या या हालचालीसाठी लागणारी यंत्रणा शास्त्रज्ञांनी पेशीन् पेशी उकलली. नळीच्या त्वचेतून स्पर्शाची खबर आणणाऱ्या २४ पेशी, आणि कल्ला आकसायला लावणाऱ्या सहा. मध्ये काही मध्यस्थ. एवढ्याशा मंडळातच कुठंतरी आठवण बसलेली असणार. पळून जाणार कुठं?

ती सापडली जोडावर. दोन मज्जापेशी एकमेकींना चिकटलेल्या नसतात. मध्ये अतिसूक्ष्म फट असते. या जोडाला सिनॅप्स म्हणतात. एक पेशी त्या फटीत रसायन सोडते, दुसरी ते झेलते. सरावलेल्या गोगलगाईत खबर आणणारी पेशी हे रसायन कमी सोडू लागते. घाबरवलेल्या गोगलगाईत जास्त सोडते. पेशी त्याच, तारा त्याच. फक्त बोलण्याचा आवाज लहान-मोठा झाला. शेपटीला झटका बसला की काही मध्यस्थ पेशी सेरोटोनिन हे द्रव्य सोडतात, त्यानं खबर आणणाऱ्या पेशीत सायक्लिक एएमपी नावाचा निरोप्या तयार होतो, आणि तो पेशीला सांगतो : पुढच्या वेळी जरा मोठ्यानं बोल.

पण ही झाली काही मिनिटांची आठवण. टेलिफोनचा नंबर डायल करेपर्यंत लक्षात ठेवतो, तशी. सतरांचा पाढा कसा टिकतो, याचं उत्तर अजून मिळालेलं नव्हतं.

चाळीस वेळा की दहा-दहा करून चार दिवस?

इथं घरोघरच्या मुलांच्या आयांना रस वाटेल असा भाग येतो.

ॲप्लिशियाच्या नळीला सलग ४० वेळा स्पर्श केला, तर ती सरावते, पण एक दिवसापुरती. तेच ४० स्पर्श रोज दहा असे चार दिवसांत वाटून दिले, तर ती तीन आठवड्यांहून जास्त काळ विसरत नाही. कष्ट तेवढेच, फरक फक्त मधल्या विश्रांतीचा. हर्मान एबिंगहाउस या जर्मन मानसशास्त्रज्ञानं निरर्थक शब्दखंड स्वतः पाठ करून करून १८८५ सालीच हे माणसाबद्दल सांगितलं होतं. आपल्याकडे पाढे आणि श्लोक रोज संध्याकाळी, थोडे थोडे म्हणून घेणाऱ्या आजीला त्याचं नाव ठाऊक असायचं कारण नव्हतं. परीक्षेच्या आदल्या रात्री कॉफी पिऊन जागणारा नातू मात्र सलग चाळीस स्पर्शांच्या गटात मोडतो.

विश्रांतीत नेमकं होतं काय? हे पाहण्यासाठी काचेच्या बशीत खबर आणणारी एक पेशी आणि स्नायू हलवणारी एक पेशी वाढवण्यात आली. दोघींचा जोड बशीतच जुळला. शेपटीच्या झटक्याऐवजी सेरोटोनिनचा फवारा. एक फवारा दिला, की जोड काही मिनिटं बळकट. मध्ये थोडा थोडा वेळ सोडून पाच फवारे दिले, की तो दिवस उलटून गेला तरी बळकट. आणि हे पाच फवारे देताना पेशीला नवी प्रथिनं बनवू दिली नाहीत, तर? थोड्या वेळाची आठवण शाबूत, टिकाऊ आठवण गायब!

याचा अर्थ, टिकाऊ आठवणीसाठी पेशीला बांधकाम करावं लागतं. पुन्हा पुन्हा आलेला निरोप पेशीच्या केंद्रात जातो, तिथं ‘क्रेब’ नावाचं एक प्रथिन जागं होतं, आणि ते ठरावीक जनुकांची कळ दाबतं. क्रेबला रोखून धरणारा एक भाऊही तिथंच असतो. १९९५च्या प्रयोगात हा ब्रेक काढून टाकला, तर पाचाऐवजी एकाच फवाऱ्यानं टिकाऊ आठवण झाली. निसर्गानं असा ब्रेक का ठेवला असेल? दिवसभरात कानावर पडणारी प्रत्येक जाहिरात, प्रत्येक हॉर्न जन्मभर लक्षात राहिला असता, तर जगणं अवघड झालं असतं. आणि दार ठोठावण्यासारखा एखादाच प्रसंग एकाच फटक्यात कायमचा कसा कोरला जातो, याचाही हा एक धागा असू शकतो.

मग बांधकाम कसलं? क्रेग बेली आणि मेरी चेन या दोघांनी सूक्ष्मदर्शकाखाली जोड अक्षरशः मोजले. साध्या, न शिकवलेल्या गोगलगाईत खबर आणणाऱ्या एका पेशीला सुमारे १,३०० टोकं, जिथून ती इतरांशी बोलू शकते. दीर्घकाळ घाबरवलेल्या गोगलगाईत ती संख्या २,७००पर्यंत गेली. दीर्घकाळ सरावलेल्या गोगलगाईत ती ८५०वर उतरली. आणि शिकवणं बंद करून गोगलगाय ‘विसरली’, तेव्हा २,७००वरून टोकं परत फिरली ती सुमारे १,५००वर. पूर्वीच्या आकड्यापेक्षा थोडी जास्तच. एकदा शिकून विसरलेली गोष्ट दुसऱ्यांदा लवकर का येते, याचं बहुधा हेच कारण.

म्हणजे हा लेख वाचून उद्या त्यातलं काही तुमच्या लक्षात राहिलं, तर तुमचा मेंदू आज आहे त्याहून किंचित वेगळा झालेला असेल. अलंकारिक भाषेत नव्हे. प्रत्यक्षात, मोजता येईल असा.

कँडेल यांना २०००चं वैद्यकशास्त्राचं नोबेल मिळालं ते स्वीडनचे आर्व्हिड कार्लसन आणि अमेरिकेचे पॉल ग्रीनगार्ड यांच्यासोबत. ऑस्ट्रियात आनंद साजरा झाला : आमच्या व्हिएन्नाच्या सुपुत्राला नोबेल! त्यावर कँडेल यांनी स्पष्ट केलं, की हे ऑस्ट्रियाचं नव्हे, एका अमेरिकन ज्यूचं नोबेल आहे. माणूस काही विसरला नव्हता.

मग गोळी कुठं आहे?

आता प्रश्न उरतो तो तुमच्या-आमच्या घरातला. आजोबा एकच गोष्ट दिवसातून चारदा विचारतात. आई गॅस बंद केला का, ते पाहायला तीनदा स्वयंपाकघरात जाते. गोगलगाईतला आठवणीचा कारखाना इतका उलगडला, तर माणसासाठी औषध का नाही?

प्रयत्न झाले. कँडेल यांनी नोबेलविजेते वॉल्टर गिल्बर्ट आणि इतरांबरोबर १९९८ साली मेमरी फार्मास्युटिकल्स ही कंपनी काढली. दहा वर्षांनी, २००८ साली, ती रोश या बड्या औषध कंपनीनं विकत घेतली. स्मरणशक्तीची गोळी काही दुकानात आली नाही. २०१३ साली कँडेल यांच्या गटानं एक प्रथिन शोधलं, जे हिप्पोकॅम्पसच्या एका भागात वयानुसार कमी होतं; ते वाढवल्यावर म्हाताऱ्या उंदरांचं स्मरण सुधारलं. पण उंदरापासून माणसापर्यंतचा रस्ता लांबचा आहे. तेव्हा परीक्षेच्या हंगामात ‘स्मरणशक्ती दुप्पट’ करून देणाऱ्या बाटल्यांच्या जाहिराती दिसल्या, तर नोबेल मिळवणाऱ्याला जे जमलं नाही ते या बाटलीवाल्याला कसं जमलं, एवढं विचारून बघावं.

दुसरं म्हणजे, गोगलगाईकडून कळली ती ‘हेन्रीच्या हाताची’ आठवण. नावं, चेहरे, प्रसंग यांची नव्हे. गोगलगाईला हिप्पोकॅम्पसच नाही. टीकाकारांचा पहिल्यापासूनचा आक्षेप हाच होता, आणि तो फेटाळण्याजोगा नाही. कँडेल स्वतःही १९९०च्या सुमारास उंदरांकडे वळले. तिथंही सायक्लिक एएमपी आणि क्रेब पुन्हा भेटले, म्हणून गोगलगाईचा धडा वाया गेला नाही, एवढं म्हणता येतं. पण अल्झायमरसारख्या आजारात मुळात पेशीच मरत जातात. तिथं जोड घट्ट करण्याची युक्ती कितपत कामी येईल, याबद्दल मोठ्या आशा दाखवणं बरोबर नव्हे.

आणि आठवण खरंच जोडांतच असते का, यावरही वाद आहे. हा वाद उकरून काढला तोही एका ॲप्लिशियानंच! लॉस एंजेलिसचे डेव्हिड ग्लान्झमन यांनी २०१८ साली झटके देऊन घाबरवलेल्या गोगलगाईंच्या मज्जापेशींतून आरएनए काढलं आणि ते न शिकवलेल्या गोगलगाईंना टोचलं. कधीही झटका न बसलेल्या या गोगलगाई नळीला स्पर्श होताच सुमारे ४० सेकंद आकसून राहू लागल्या. प्रत्यक्ष झटके बसलेल्या राहत सुमारे ५० सेकंद. आठवण टोचता येते, असा मथळा जगभर झळकला. अनेक शास्त्रज्ञांना हे पटलेलं नाही. हा फक्त सावधपणाचा निरोप असेल, आठवण नव्हे, असं ते म्हणतात. १९६०च्या दशकातही शिकवलेल्या चपट्या कृमींचा भुगा न शिकवलेल्यांना खाऊ घालून ज्ञान पोहोचवल्याचा दावा झाला होता, आणि इतरांना तो नीट पडताळता आला नव्हता. तेव्हा थोडं थांबून पाहिलेलं बरं.

विद्यार्थ्यांच्या कामाची बातमी ह्यूस्टनहून आली. टेक्सास विद्यापीठाच्या तिथल्या वैद्यकीय केंद्रात जॉन बर्न यांच्या गटानं ॲप्लिशियाच्या पेशींतल्या रसायनांचा हिशेब संगणकात मांडला आणि विचारलं : पाच फवाऱ्यांमध्ये किती अंतर ठेवलं तर आठवण सर्वांत पक्की होईल? तोवर सगळे सरळ वीस-वीस मिनिटांचं अंतर ठेवत. संगणकानं हजारो वेळापत्रकं तपासून विचित्र उत्तर दिलं : दहा, दहा, पाच आणि मग तीस मिनिटं. २०१२ साली हे प्रत्यक्ष गोगलगाईंवर करून पाहिलं, तर खरोखरच आठवण जास्त टिकली. मुलांच्या अभ्यासाचं वेळापत्रक लगेच असं बदलायला घेऊ नका; गोगलगाईच्या शेपटीचं गणित भूगोलाला लागू पडेलच असं नाही. पण समान अंतराचा आग्रह निसर्गाला नसतो, एवढं त्यातून दिसलं.

या सगळ्या प्रयोगांसाठी लागणाऱ्या गोगलगाई येतात कुठून? पूर्वी पाणबुडे त्या समुद्रातून पकडून आणत. नंतर मायामीजवळच्या व्हर्जिनिया की या बेटावर मायामी विद्यापीठानं त्यांचं पालन सुरू केलं. अंड्यापासून वाढवलेल्या, वय नेमकं ठाऊक असलेल्या ॲप्लिशिया तिथून प्रयोगशाळांना पुरवल्या जाऊ लागल्या. वय ठाऊक असण्याला महत्त्व आलं ते एका वेगळ्याच कारणानं. वर्षभरात आयुष्य संपवणारा हा प्राणी दहा-बारा महिन्यांचा झाला, की म्हातारा होतो. उलटी पडली तर सरळ व्हायला वेळ लागतो, शेपटीचा स्पर्श उशिरा जाणवतो, प्रतिक्रिया मंदावतात. माणसाचं म्हातारपण अभ्यासायला सत्तर वर्षं थांबावं लागतं. इथं ते एका वर्षात, तरुणपणी नंबर देऊन ठेवलेल्या त्याच पेशींत पाहता येतं. व्हर्जिनिया कीच्या टाक्यांमधल्या म्हाताऱ्या गोगलगाईंकडे म्हणून शास्त्रज्ञांचं लक्ष गेलं.